एअर फ्लो सेन्सर बदलूनही पी०१०१ परत येतो तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कळव्याहून ऐरोली-महापेला कंपनीचा स्टाफ नेणारी १७ सीटर डिझेल व्हॅन, २.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, बीएस-४. गाडी भरलेली असली की मुंब्रा बायपासच्या चढावर ओढत नाही, मागून काळा धूर सोडते, मधूनच इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी०१०१ हा बिघाडाचा कोड आला म्हणून एअर फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) नवा टाकला. आठवडाभर गाडी बरी चालली, मग पुन्हा तेच. आता मेकॅनिक म्हणतात टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला, बदला.

टर्बो बदलणं थांबवा. दुसरा सेन्सरही आणू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत एक गोष्ट अशी आहे, की तिच्यामुळे माझा संशय सेन्सरवरून बराचसा उठतो. ती गोष्ट म्हणजे काळा धूर.

आधी कोडचा अर्थ पाहू. पी०१०१ म्हणजे 'सेन्सर खराब' असं बहुतेक गॅरेजमध्ये वाचलं जातं, पण कोड तसं म्हणत नाही. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, सतत दोन आकडे ताडून पाहत असतो. एक, सेन्सरने प्रत्यक्ष मोजलेली हवा. दुसरा, त्याने स्वतः मांडलेला हिशोब: आरपीएम किती, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपात) दाब किती, हवेचं तापमान किती, मग एवढ्या इंजिनात हवा किती जायला हवी. या दोन आकड्यांत ठरलेल्या मर्यादेपलीकडे फरक पडला आणि तो टिकला, की पी०१०१ नोंदला जातो. चूक मोजणीत आहे की हवेच्या वाटेत, हे त्या कोडमध्ये लिहिलेलं नसतं. सेन्सर शेवटी एका पाइपात बसलेला असतो. त्या पाइपाच्या पुढेमागे कुठेही हवा गळली, अडली किंवा तिच्यात एक्झॉस्टचा वायू जास्त मिसळला, तरी आकडे जुळत नाहीत आणि दोष सेन्सरच्या नावावर पडतो.

पी०१०२ आणि पी०१०३ यांची गोष्ट वेगळी. सिग्नल फार कमी किंवा फार जास्त, म्हणजे वायर, कनेक्टर, सप्लाय किंवा सेन्सरचं सर्किट. तिथे आधी मल्टिमीटर काढायचा. पी०१०१ ला आधी टॉर्च आणि पाना.

नवा सेन्सर टाकल्यावर आठवडाभर गाडी बरी का चालली, हेही यातून समजतं. सेन्सर बदलताना कोड पुसला जातो, गाडी लिंप मोडमधून (बिघाड दिसल्यावर ईसीयू ताकद कमी करतो त्या अवस्थेतून) बाहेर येते, आणि काही ईसीयूंमध्ये शिकून ठेवलेली दुरुस्तीही शून्यावर येते. पिकअप परत आल्यासारखा वाटतो. मूळ बिघाड तसाच असेल तर काही दिवसांत फरक पुन्हा जमतो आणि दिवा लागतो. जुना सेन्सर न बदलता नुसता कोड पुसला असता तरी बहुधा असेच चार दिवस बरे गेले असते. जुना फेकला नसेल तर जपून ठेवा, तपासणीत तुलना करायला उपयोगी पडेल.

आता धुराकडे येऊ. पेट्रोल इंजिनात हवा मोजून त्या प्रमाणात पेट्रोल सोडलं जातं. डिझेलमध्ये इंधन मुळात ॲक्सिलरेटरच्या मागणीवर ठरतं. हवेचा आकडा ईसीयू मुख्यतः दोन कामांना वापरतो: ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किती उघडायचा ते ठरवायला, आणि पूर्ण लोडला धुराची मर्यादा पाळायला. दुसऱ्या कामाचा अर्थ असा की हवा कमी दिसली तर ईसीयू डिझेलही कमी सोडतो, म्हणजे काळा धूर होत नाही. म्हणून सेन्सर कमी मोजत असेल तर गाडी ओढत नाही, पण सायलेन्सर साफ राहतो. ओढत नाही आणि वर काळा धूरही आहे, याचा अर्थ ईसीयूला हवा भरपूर दिसते आहे, त्या हिशोबाने डिझेल सुटतं आहे, आणि ती हवा सिलिंडरपर्यंत पोचत नाही. मोजल्यानंतर ती वाटेत कुठेतरी जाते आहे. सेन्सर जास्त मोजत असेल तरीही असं होऊ शकतं, पण माझ्या अनुभवात ते क्वचित. आणि नव्या सेन्सरनंतरही लक्षण जसंच्या तसं आहे, तेव्हा ती शक्यता आणखी मागे जाते. खराब इंजेक्टरनेही काळा धूर होतो, मात्र पी०१०१ सोबत असताना मी हवेचीच वाट आधी बघतो.

अशा वेळी कनेक्टर काढून गाडी चालवून बघण्याची पद्धत सगळीकडे आहे. 'सेन्सरचा प्लग काढला की गाडी पळते, म्हणजे सेन्सर गेला.' हा निष्कर्ष चुकीचा आहे. प्लग काढला की बहुतेक डिझेल ईसीयू ठरावीक पर्यायी आकड्यावर जातात आणि सोबत ईजीआरही बंद करतात. गाडी सुधारली ती सेन्सर बाजूला झाल्यामुळे की ईजीआर बंद झाल्यामुळे, हे त्यातून समजत नाही. प्लग काढूनही काहीच फरक पडला नाही, तर मात्र उपयोगाची माहिती मिळते: बिघाड यांत्रिक आहे, होज, फिल्टर, अडकलेला ईजीआर किंवा टर्बोच्या बाजूचा.

खरं काम आकड्यांनी होतं आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही. लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर, कागद आणि पेन पुरे. तुमच्या इंजिनाचा एक सिलिंडर साधारण ०.५५ लिटरचा. आपल्याकडच्या ३० अंशांच्या आसपासच्या हवेचं वजन लिटरला साधारण १.१५ ग्रॅम. म्हणजे सिलिंडर शंभर टक्के भरला तर ६३० मिलिग्रॅम हवा. प्रत्यक्षात आयडलला तो ८० ते ९० टक्के भरतो, म्हणून ईजीआर पूर्ण बंद असताना दर स्ट्रोकला ५०० ते ५७० मिलिग्रॅमच्या आत आकडा यायला हवा. स्कॅनर ग्रॅम प्रति सेकंद दाखवत असेल तर ८०० आरपीएमला मिनिटाला १६०० इनटेक स्ट्रोक होतात, म्हणजे सेकंदाला २७ च्या आसपास. हवा १३ ते १५ ग्रॅम. ईजीआर उघडा असताना हाच आकडा निम्म्याच्या जवळ येतो, स्ट्रोकला २५० ते ३५० मिलिग्रॅम.

पूर्ण लोडचाही हिशोब असाच. मॅनिफोल्डमध्ये एकूण दाब २ बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दुप्पट. ६३० चे झाले १२६०. टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरनंतरही ती ५५-६० अंश गरम असते, त्याचे दहा टक्के वजा. भरण्याचं प्रमाण धरलं की उरतात १००० च्या आसपास. म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल पूर्ण दाबून २५०० आरपीएमला २ बार दिसत असतील, तर हवा ९५० ते १०५० मिलिग्रॅम असायला हवी. इंजिन वेगळं असेल तर सिलिंडरचं माप बदलून हाच हिशोब करा. कंपनीचा तक्ता हाताशी नसला तरी कुठला आकडा पटण्यासारखा नाही ते यातून लगेच दिसतं.

आता आकडे कसे वाचायचे, ते समजावून सांगतो. निदान इथेच होतं.

फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला रबरी होज फाटला असेल तर टर्बो तिथून न मोजलेली हवा ओढतो. दाब ठीक दिसतो, पण सेन्सरचा आकडा हिशोबापेक्षा कमी. गाडी मंद, धूर नाही. आणि ही गळती नुसत्या ओढीपुरती राहत नाही. त्या फटीतून धूळ थेट टर्बोच्या पंख्यावर आणि सिलिंडरमध्ये जाते, त्यामुळे ती एक दिवसही सोडून देऊ नये. याउलट टर्बोनंतर, इंटरकूलरचा होज किंवा त्याचा क्लॅम्प गळत असेल तर मोजलेली हवा बाहेर जाते. दाब चढत नाही, सेन्सरचा आकडा मात्र त्या दाबाच्या मानाने जास्त. धूर काळा, चढावर शिट्टीसारखा किंवा फुसफुस आवाज, आणि बऱ्याचदा सोबत पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडल्याचा कोड. फिल्टर तुंबला असेल तर आयडलला सगळं ठीक, आरपीएम वाढले की हवा आणि दाब दोन्ही कमी पडतात. ईजीआर उघडा अडकला असेल तर आयडललाच हवा कमी, गाडी सुटताना धूर, आणि ईसीयूने बंद करायला सांगितलं तरी आकडा वर येत नाही.

कोड पुसण्याआधी त्याचा फ्रीझ फ्रेम जरूर पाहा. कोड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम, लोड, स्पीड किती होतं ते त्यात असतं. आयडलला नोंदला असेल तर आधी ईजीआर. चढावर, पॅडल खाली असताना नोंदला असेल तर होज आणि फिल्टर. घाईत कोड पुसून टाकला की ही माहिती कायमची जाते.

तुमच्या गाडीची लक्षणं टर्बोनंतरच्या गळतीशी सगळ्यांत जास्त जुळतात, म्हणून सुरुवात तिथून. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे सगळे होज हाताने चाचपा, विशेषतः खालची बाजू, जी वरून दिसत नाही. होजवर तेलाचा ओलसर, धूळ चिकटलेला डाग दिसला तर चीर तिथेच शोधा. आतल्या हवेबरोबर येणारं थोडं तेल फटीतून बाहेर झिरपतं. काही चिरा होज थंड आणि रिकामा असताना मिटलेल्या असतात, दाब आला तरच उघडतात. अशांसाठी दाबाची चाचणी करावी लागते. स्मोक मशीन असेल तर उत्तम. नसेल तर टर्बोच्या तोंडाच्या मापाची पीव्हीसीची एंड कॅप घ्या, तिला टायरचा व्हॉल्व्ह बसवा, सेन्सरनंतरचा होज काढून तिथे कॅप क्लॅम्पने पक्की करा, आणि इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरमधून हळूहळू हवा भरा. १ बारच्या वर जाऊ नका. क्रँककेस ब्रीदरचा पाइप आधी बंद करा, नाहीतर दाब इंजिनात जाऊन सील उचलेल. कॅपसमोर तोंड धरून उभं राहू नका, ती सुटली तर जोरात उडते. साबणाचं पाणी फवारलं की बुडबुडे जागा दाखवतात. इंटरकूलरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे चेपलेली असते, तो सांधाही फवारा. तिथली गळती फार जणांकडून सुटते.

दाब टिकला तर ईजीआर. इंजिन गरम, आयडलवर, स्कॅनरमधून व्हॉल्व्ह बंद करा आणि उघडा. हवेचा आकडा दरवेळी दोनशेच्या आसपास वरखाली व्हायला हवा. बंद करूनही आकडा तीनशेतच राहिला तर व्हॉल्व्ह कार्बनने उघडा अडकला आहे. उघडूनही खाली आला नाही तर व्हॉल्व्ह बंद अडकला आहे किंवा ईजीआर कूलर तुंबला आहे. दिवसभर ठाणे-बेलापूर रोडच्या सिग्नलना थांबत चालणाऱ्या स्टाफच्या गाड्यांत कार्बन लवकर बसतो, कारण आयडल आणि कमी लोड हीच ईजीआर उघडा राहण्याची वेळ. व्हॉल्व्ह काढून साफ करताना मॅनिफोल्डच्या तोंडात टॉर्च मारून आतही पाहा. तिथली वाट कार्बनने अरुंद झाली असेल तर व्हॉल्व्ह नवा टाकूनही हिशोब जुळणार नाही.

कायमची पट्टी मारून ईजीआर बंद करण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. चाचणीपुरती पट्टी ठीक, कायमची नको. ईजीआर नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी आहे आणि तो वायू डोळ्यांना दिसत नाही. आपली पीयूसी डिझेल गाडीचा फक्त धूर मोजते, बीएस-४ ला धुराच्या घनतेची मर्यादा १.६२ प्रति मीटर. त्यामुळे पट्टी मारलेली गाडी तिथे सहज पास होते. पण त्या गाड्या ज्या शाळांसमोर आणि बसस्टॉपवर उभ्या असतात तिथली माणसं ती हवा घेतात, आणि ती आपलीच माणसं आहेत. पीयूसीबद्दल दुसरी गोष्ट: ती चाचणी गाडी उभी ठेवून, लोडशिवाय रेस देऊन होते. तेव्हा पीयूसी पास आहे म्हणून चढावरचा धूर खोटा ठरत नाही.

फिल्टरबद्दल आपल्या भागासाठी खास सांगायला हवं. घोडबंदर रोडवर वर्षानुवर्षं चाललेलं मेट्रोचं काम, महापे-शिळफाटा पट्ट्यातली खडीची धूळ, तळोज्याकडची डंपरची वाहतूक, यामुळे कंपनीने पुस्तकात दिलेलं फिल्टरचं अंतर इथे चालत नाही. मी निम्म्यावर बदलायला सांगतो. कंप्रेसरची हवा मारून फिल्टर पुन्हा वापरणं बंद करा. कागदाला न दिसणारी भोकं पडतात आणि बारीक धूळ थेट सेन्सरच्या हवा मोजणाऱ्या पातळ फिल्मवर जाऊन बसते. तेल लावायचे धुण्याचे फिल्टरही या सेन्सरसोबत वापरू नयेत, तेलाची वाफ फिल्मवर चिकटते. स्वस्त नकली फिल्टरमध्ये कागदापेक्षा कडेचं रबर जास्त घात करतं: ते डब्याच्या खोबणीत नीट बसत नाही आणि हवा न गाळता बाजूने जाते. डबा उघडाल तेव्हा स्वच्छ बाजूला बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर सील गळतं आहे. पावसाळ्यात कागद ओला होऊन फुगतो, तेही पाहा.

महाप्याच्या एका कंपनीची स्टाफ व्हॅन आमच्याकडे आली होती, तिचा सेन्सर दुसऱ्या गॅरेजमध्ये दोनदा बदलून झाला होता. आयडलला आकडे बरोबर, चढावर हवा आणि दाब दोन्ही कमी. फिल्टर नवाकोरा होता, म्हणून तिकडे कोणी पाहिलं नव्हतं. डब्याच्या खालच्या भागात, फिल्टरच्या अलीकडे, भाजीच्या पातळ प्लॅस्टिक पिशवीचा तुकडा होता. आरपीएम वाढले की तो उचलला जाऊन तोंड झाकायचा, इंजिन बंद केलं की खाली पडायचा. म्हणून डबा पूर्ण काढा, बंपरकडून येणारा हवेचा पाइपही काढून आरपार पाहा.

इतकं सगळं ठीक निघालं तरच सेन्सरकडे या. बॉश पद्धतीच्या पाच पिनच्या ॲनालॉग सेन्सरला १२ व्होल्टचा सप्लाय, ५ व्होल्टचा रेफरन्स, अर्थ, तापमानाची तार आणि सिग्नल असतो. पिनची जागा मात्र तुमच्याच गाडीच्या वायरिंग डायग्रामवरून घ्या. इग्निशन चालू, इंजिन बंद, हवा स्थिर: सिग्नल १ व्होल्टच्या अगदी जवळ हवा. त्यातून तो ठळकपणे वर सरकला असेल तर फिल्म मळली किंवा बिघडली आहे. अर्थची तार बॅटरीच्या निगेटिव्हशी लावून व्होल्टेज ड्रॉप पाहा, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त नको; खराब अर्थमुळे चांगला सेन्सरही चुकीचा आकडा देतो. नव्या पिढीचे सेन्सर व्होल्टेजऐवजी फ्रिक्वेन्सी देतात, तिथे साध्या मीटरचा आकडा घेऊन निष्कर्ष काढू नका, फ्रिक्वेन्सी मोजणारा मीटर किंवा स्कोप लागतो. लाइव्ह डेटा चालू ठेवून वायरिंग हलवा. नाल्याकाठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या तारा आणि पावसानंतर पिनांवर चढलेला हिरवा थर, हे दोन्ही नेहमी सापडतं.

साफ करायचाच तर एमएएफ क्लीनरच (खास एअर फ्लो सेन्सरसाठीचा स्प्रे) वापरा, इग्निशन बंद करून, आणि पूर्ण सुकू द्या. कार्ब क्लीनर, ब्रेक क्लीनर, कापूस, ब्रश आणि कंप्रेसरची हवा यांपैकी काहीही त्या फिल्मजवळ नेऊ नका. साफ करून आकडे परत आले नाहीत तर त्यात आणखी वेळ घालवू नका, ती फिल्म नव्यासारखी होत नाही.

तुम्ही टाकलेला नवा सेन्सर कुठून आला, हेही विचारा. बाहेरून हुबेहूब दिसणारे सेन्सर मिळतात, प्लगही बसतो, पण आतली मोजणी तुमच्या पाइपाच्या व्यासासाठी नसते. शेवटच्या अक्षरासकट पार्ट नंबर जुन्याशी जुळवा. दोन्ही सेन्सर आळीपाळीने लावून, ईजीआर बंद ठेवून आयडलचा आकडा घ्या. दोन्ही ५०० ते ५७० च्या आत आले तर जुना सेन्सर निर्दोष होता, हे तुमच्या मेकॅनिकना दाखवता येईल. कोणत्याही सेन्सरनंतर शिकलेल्या नोंदी शून्य करण्याची सोय स्कॅनरमध्ये असेल तर ती करून घ्या.

शेवटची चाचणी रस्त्यावर, गाडी भरलेली असताना. रिकाम्या व्हॅनवर पूर्ण लोड येत नाही. शिळफाट्याकडून मुंब्रा बायपासचा चढ किंवा घोडबंदरचा गायमुख घाट, रहदारी कमी असेल अशी वेळ, एक जण गाडी चालवणारा आणि दुसरा स्कॅनरवर. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पॅडल पूर्ण दाबून ३००० पर्यंत. मागितलेला दाब, मिळालेला दाब, हवा आणि आरपीएम हे चारच आकडे रेकॉर्ड करा. जास्त निवडले तर बऱ्याच स्कॅनरचा वेग कमी होतो आणि मधले आकडे हुकतात.

आता टर्बो. होज दाबाला टिकले, ईजीआर बंद होतो, फिल्टर आणि त्याची वाट मोकळी आहे, आणि तरीही मागितलेल्या दाबापेक्षा मिळालेला दाब बराच कमी असेल, तेव्हाच टर्बोची पाळी येते. तेव्हाही आधी ॲक्च्युएटर, म्हणजे दांडी हलवून टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा भाग. व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर हातपंपाने व्हॅक्यूम द्या: दांडी न अडखळता पूर्ण सरकली पाहिजे आणि पंप सोडेपर्यंत जागेवर टिकली पाहिजे. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन तडकतात. काही रुपयांच्या नळीपायी अख्खा टर्बो बदललेला मी पाहिला आहे. मग इनटेकचा होज काढून पंख्याची पाती पाहा, शाफ्ट बोटाने हलवा. बाजूला किंचित ढिलेपणा असतोच, तो तेलाच्या थरासाठी ठेवलेला असतो. आत-बाहेर हलत असेल, किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो उतरवा. या खुणा नसतील तर मेकॅनिकना चढावरचं रेकॉर्डिंग दाखवायला सांगा, आणि त्यातले चार आकडे मला कळवा.